थंडीमुक्त तालुक्यातला कुडकुडणारा माणूस

गेली एकोणीस वर्षं मी सरकारतर्फे थंडी मोजतो. उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात पाऊसही मोजतो, पण त्यांची कुणी चौकशी करत नाही. ती लोकांना आपापली कळतात. थंडीचं तसं नव्हतं. आमच्या शिरवे गावच्या शेती संशोधन केंद्राच्या आवारात चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी आहे, झडपांची. तिच्यात तापमापक आडवे पडलेले असतात. रोज सकाळी साडेआठला मी तिचं दार उघडतो, रात्रभरातल्या सगळ्यात खालच्या आकड्याजवळ डोळा नेतो आणि तो आकडा वर कळवतो. पूर्वी हा आकडा वर पोचायच्या आधी गावात पोचायचा.

"नेरकर, किती?"

"चार पूर्णांक दोन."

"बघा! मी हिला म्हटलंच होतं!" असं म्हणून तो माणूस दुप्पट आनंदाने कुडकुडायला मोकळा व्हायचा.

थंडीची लाट ही तशी सरळ गोष्ट आहे. पश्चिमेकडून आलेला एखादा झंझावात हिमालयावर बर्फ टाकून पुढे निघून जातो. त्याच्या मागून कोरडी, गार हवा राजस्थान-माळव्यावरून खाली आमच्या खानदेशात उतरते. त्यात आभाळ निरभ्र असलं, की जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री थेट वर उडून जाते. कारण ढगांचं पांघरूण नसतं. किमान तापमान दहाच्या आत आलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की कागदोपत्री लाट आली. त्याच्या अलीकडे असते ती नुसती थंडी. तिची दखल घ्यायला कुणी बांधील नाही.

मग २०३६ साली टिकली आली.

आपल्याला वाटतं, थंडी अंगात शिरते. तसं काही नसतं. अंगातली ऊब बाहेर जात असते, आणि कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर बसलेले प्रथिनांचे इवले इवले दरवाजे ही बातमी मेंदूला कळवत असतात. कातडी एका ठरावीक तापमानाच्या खाली गेली, की दरवाजे उघडतात. पेपरमिंटची गोळी चघळल्यावर तोंड गार पडल्यासारखं वाटतं ना, ते याच दरवाज्यांमुळे. गोळीतला पुदिन्याचा अर्क त्यांना फसवून उघडतो. टिकलीतलं औषध याच्या उलट करतं. ते दरवाजे बंद ठेवतं. मानेच्या मागे रुपयाएवढी टिकली चिकटवायची, आठवडाभर थंडी वाजत नाही. काढली, की अर्ध्या तासात वाजायला लागते. थोडक्यात, बाहेर संकट असतं आणि आत बातमी नसते. हा कारभार इतर बऱ्याच खात्यांत आधीपासून सुरळीत चालू असल्यामुळे लोकांना त्यात काही खटकलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले आले, आठ दिवस बसले आणि परत गेले. दुसऱ्या हिवाळ्यात आलेच नाहीत. बसस्टँडसमोर पहाटे पेटणारी शेकोटी विझली, आणि तिच्याभोवती चालणारं राजकारण मोबाइलवर गेल्यामुळे आणखी बिघडलं. सकाळच्या शाळा पुन्हा सातला भरू लागल्या. बायका जानेवारीत पंखा पाचवर लावून झोपू लागल्या. गावाच्या वेशीवर 'थंडीमुक्त तालुका' असा फलक लागला. त्यावर लोकप्रतिनिधी बनियनवर उभे, आणि मागे, कशासाठी कोण जाणे, हिमालय. दवाखान्यात हिवाळ्यात काही लोक येऊन "डॉक्टर, हात ऐकत नाही", "जीभ जड झालीय" असं सांगत. डॉक्टर त्यांना अशक्तपणाचं टॉनिक देत.

माझा आकडा आता कुणी विचारत नसे.

मीही टिकली लावून पाहिली होती. पण तिचा डिंक माझ्या कातडीला सोसेना. दहा मिनिटांत मानेपासून कमरेपर्यंत गांधी उठल्या. त्यामुळे चाळीस हजार वस्तीच्या गावात कानटोपी, मफलर आणि एकावर एक दोन स्वेटर घालून हिंडणारा मी एकटाच उरलो. आया मुलांना मला दाखवायच्या. "ते बघ, ते काका. त्यांना थंडी वाजते." मुलं डोळे मोठे करून बघायची आणि मग हळूच हात लावून बघायची.

या गांधींमुळेच प्रमिलाची ओळख झाली. प्रमिला कोठावदे. बाजारपेठेत तिचं औषधाचं दुकान आहे. वय एक्केचाळीस, माझं चव्वेचाळीस. मलम घ्यायला गेलो तेव्हा तिने माझी मान चष्मा लावून तपासली.

"नेरकर, तुमची कातडी अजून मागच्याच शतकात आहे."

"मीही तिथलाच आहे."

"मग एक मलम पुरायचं नाही. दोन न्या."

मी दोन नेली. मग दर आठवड्याला एक नेत गेलो. गांधी केव्हाच बऱ्या झाल्या होत्या, हे तिलाही माहीत होतं. दोन वर्षांत माझ्या घरी मलमाच्या इतक्या ट्यूब जमल्या, की शेवटी तिनेच विचारलं, "आता ट्यूबा ठेवायला जागा नसेल तुमच्याकडे. लग्नाचं विचारणार आहात, की मी कपाट पाठवू?"

मी विचारलं. ती हो म्हणाली. पण मध्ये नाना होते.

नाना म्हणजे तिचे वडील, कोठावदे सर. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेत पी.टी. शिकवली, मलाही शिकवली. पौषातल्या सकाळी अर्ध्या चड्डीवर मैदानात उभं करून "थंडी ही मनाची अवस्था आहे, नेरकर!" असं ते ओरडायचे, आणि माझ्या मनाची ती अवस्था नाकातून वाहायची. प्रमिलासाठी आलेली सहा स्थळं नानांनी नाकारली होती. एकाला दोर चढता आला नाही. एकाने चहा फुंकून प्यायला. एकजण तर सगळ्यात पास झाला होता, पण जाताना शिंकला.

"पळून जाऊन करू या?" मी विचारलं होतं.

"नानांना दुखवून मी लग्न करणार नाही," प्रमिला म्हणाली. "आणि त्यांचं ऐकून दुसऱ्याशीही करणार नाही. म्हणजे काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

ठरवायचं काम नानांनीच केलं. त्यांचा निरोप आला. पौषात लग्नाची बोलणी करत नाहीत; पण परीक्षा घ्यायला पौषाची हरकत नाही. रविवारी सूर्योदयाला मळ्यावर या. बनियन आणि अर्धी चड्डी. भरीत आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत होतं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी उखळात ठेचायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर ओरपायची. साधी माणसं हे संध्याकाळी करतात. नानांचं भरीत सूर्योदयाला असतं, कारण दिवसातली सगळ्यात कडक थंडी नेमकी तेव्हा पडते. हे नानांना मीच कधीतरी सांगितलं होतं. ज्ञान जपून वाटावं ते यासाठी.

शनिवारी प्रमिलाने नव्या डिंकाची टिकली माझ्या मनगटावर लावून पाहिली. आठव्या मिनिटाला मनगट भाजलेल्या वांग्यासारखं दिसायला लागलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "दात वाजतील त्याचं काहीतरी करू." तिने डब्यातून एक अख्खी सुपारी काढून दिली. "दाढेखाली धरा. चावू नका. तासाभराचा प्रश्न आहे."

"आणि बाकीचं अंग?"

"त्याला सूर्यनमस्कार आहेत की. हललात तरी व्यायाम दिसेल."

रविवारी सकाळी मळ्यावर माझ्या खिशातला तापमापक दोन पूर्णांक आठ दाखवत होता. वायव्येकडून वारा सुटला होता. व्यायाम मंडळाचे पंधरा जण रांगेत मांडी घालून बसले होते, सगळे नानांचे जुने विद्यार्थी, सगळे बनियनवर, सगळ्यांच्या मानेवर टिकल्या. समोर पऱ्हाट्यांचा जाळ होता, आणि त्याच्याजवळ फक्त वांगी होती. प्रमिलाची कुमुदआत्या आणि प्रमिला वांगी फिरवत होत्या, त्याही हातभर लांबून. जाळाकडे हात करून बसायचं असतं, हे लोक विसरून गेले होते.

मी दोन्ही स्वेटर, मफलर आणि कानटोपी काढून विहिरीच्या काठावर ठेवली.

"अंघोळ!" नाना ओरडले.

विहिरीचं पाणी खरं तर उबदार असतं. खरी गंमत ते अंगावर असताना वारा लागला की सुरू होते. मी पुसायला काही आहे का पाहिलं. नाना म्हणाले, "टॉवेलने पिढ्या नासवल्या, नेरकर." ते स्वतः पाच बादल्या अंगावर घेऊन ओल्या बनियनवर, ओल्या पांढऱ्या चड्डीत जाऊन रांगेसमोर ताठ बसले. "सूर्य त्या कडुलिंबाच्या वर आला, की मी शिट्टी वाजवणार. तोवर इथे बसायचं. जो बसेल तो पास."

मी बसलो. सुपारी दाढेखाली धरली. पाचच मिनिटांत माझं अंग माझं राहिलं नाही. खांदे, मांड्या, पोट, सगळं आपापल्या तालात उडत होतं. मी परवानगी न विचारताच सूर्यनमस्कार घातले. मग आणखी घातले.

"नेरकर, बसल्यावरही तू हलतोयस."

"उच्छा आहे, शर," मी सुपारीच्या बाजूने म्हणालो. "उच्छाह."

पाऊण तास गेला. सूर्य कडुलिंबाच्या अर्ध्यावर आला. नानांनी काटकपणावर भाषण सुरू केलं. "काटक माणूस," ते म्हणाले, आणि थांबले. "काटक माणूस म्हणजे... म्हणजे कुलकर्णी, तुला सांगतो..." रांगेत कुलकर्णी कुणी नव्हतं. मग त्यांनी बसलेल्या पंधरा जणांना "बस" असा हुकूम दिला. कुमुदआत्याने वानगीदाखल त्यांना भाकरीचा चतकोर आणि भरीत दिलं. नानांना भाकरी मोडेना. दोन्ही हातांनी धरली, तरी मोडेना. शेवटी अख्खा चतकोर उचलला, तो हनुवटीला लागला आणि खाली पडला.

मला हसू आलं. आणि मग जाणवलं, की दुसरं कुणीच हसलेलं नाही.

पंधरा माणसं. व्यायाम मंडळाची, गावातली सगळ्यात टवाळ. सर हनुवटीला भरीत लावून बसलेत आणि कुणाला काही नाही. सगळे शांतपणे समोर बघत होते. ओठ जांभळे. कुणाच्याही अंगावर काटा नव्हता. कुणीही कुडकुडत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुडकुडणं म्हणजे शरीराने स्वतःच पेटवलेली शेकोटी. स्नायू थरथरतात, त्यातून नेहमीच्या कितीतरी पट उष्णता तयार होते. पण ती पेटवायचा हुकूम मेंदू देतो, आणि तो देतो मुख्यतः कातडीकडून आलेल्या बातमीवर. इथे बातमीच बंद होती. पंधरा अधिक एक देह तासभर दोन अंशात निवत होते आणि आत सगळं आलबेल असल्याची समजूत होती. आधी हात जातात, मग जीभ, मग शुद्ध. एकाहत्तर वर्षांच्या ओल्या माणसाची तर लवकर.

सूर्याला कडुलिंबाचा शेंडा गाठायला फार तर दोन मिनिटं होती. दोन मिनिटं गप्प बसलो, तर मी पास.

मी प्रमिलाकडे पाहिलं. ती वडिलांच्या हनुवटीकडे बघत होती, हातात चिमटा तसाच धरून.

मी सुपारी थुंकली.

"सर, तुम्ही गार पडत चाललाय."

"क... कोण?"

"तुम्ही. उठा. ओले कपडे काढा आणि जाळाजवळ चला."

नानांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला हवा होता. झाला नाही. पण आवाज कुठूनतरी जमला. "मला थंडी वाजतेय, हे तू मला सांगणार? तू? नापास! नेरकर, नापास! घरी जा."

"नापास तर नापास," मी म्हणालो, आणि माझे दात इतके वाजले, की हे वाक्य तीन वाक्यांएवढं लांब झालं. आता नुसतं समजावून काही होणार नव्हतं. या लोकांना आयुष्यात एकच भाषा कळत आली होती. मी छाती भरून घेतली आणि नानांच्याच सुरात ओरडलो, "मंडळ! सावधान!"

चौतीस वर्षांची शिकवण वाया जात नाही. पंधराच्या पंधरा जण उठले. दोघं धडपडले, पण उठले. नानाही उठले.

"उजवा हात समोर! अंगठा करंगळीच्या टोकाला लाव! एक!"

पंधरा अंगठे निघाले आणि वाटेत कुठेतरी हरवले. कुणाचा मधल्या बोटापर्यंत पोचला, कुणाचा जागचा हललाच नाही. व्यायाम मंडळाचे अध्यक्ष डाव्या हाताने उजवा अंगठा ओढत होते.

"कॉपी करायची नाही! परत! दोन!"

नाना आपल्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी त्याच्यावर डोळे वटारले. त्याला दम दिला. चौतीस वर्षांत त्यांचा हुकूम न ऐकणारा पहिला विद्यार्थी त्यांच्याच हाताला निघाला होता.

मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझा अंगठा पारवा फडफडावा तसा थरथरत होता, पण करंगळीला टेकलेला होता.

"तुझा... कसा लागला?"

"मी तासभर कुडकुडतोय, सर. तुमच्यातला एकही नाही."

 नाना मघाशी पडलेल्या भाकरीकडे बघत राहिले. मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, कुणाच्या तरी आधाराला हात पुढे केला.

पुढचं भराभर झालं. प्रमिलाने डॉक्टरांना फोन लावला आणि तो कानाशी धरूनच सूत्रं हातात घेतली. ओले कपडे काढले. खोपीतली गोणपाटं, ट्रॅक्टरची ताडपत्री, आत्याची गोधडी, जे मिळेल ते गुंडाळलं. माझे दोन्ही स्वेटर नानांना घातले, मफलर घातला, कानटोपी बटण लावून घातली.

"चोळू नका कुणी! आणि जाळात ढकलू नका, जवळ बसवा नुसतं," प्रमिला ओरडत होती. "आत्या, गुळाचा चहा. घोट घोट द्या." मग ती रांगेच्या मागे गेली आणि हजेरी घ्यावी तशी एकेकाच्या मानेवरची टिकली ओढून काढू लागली. "माझ्याच दुकानातली," प्रत्येक वेळी ती स्वतःशी म्हणायची. "ही पण माझ्याच दुकानातली."

डॉक्टर आले. त्यांनी एकेकाला तपासलं, नानांना दोनदा तपासलं आणि म्हणाले, "आणखी अर्धा तास बसले असते, तर मला भरीत खायला नसतं बोलावलं तुम्ही." मग थोडं थांबून हळूच म्हणाले, "ते अशक्तपणाचे पेशंट..." आणि वहीत काहीतरी लिहून घेऊ लागले.

यातून पुढे बरंच झालं. टिकली बंद झाली नाही. चांगल्या गोष्टी आपल्याकडे लवकर बंद होतात, टिकलीसारख्या होत नाहीत. पण पाच अंशांच्या खाली ती काढायची असा नियम आला, आणि तो सांगायला प्रत्येक गल्लीत एक टिकली न लावणारा माणूस असावा, असं ठरलं. त्याला 'कुडकुड्या' हे नाव लोकांनी दिलं. सरकारी नाव सात शब्दांचं आहे. त्यानंतर वधू-वर मेळाव्यात 'मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी, थंडी वाजते' असं लोक अभिमानाने सांगू लागले. माझ्याकडे तर तीन स्थळं आली. प्रमिलाने ती स्वतः वाचून परत पाठवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी सूर्य कडुलिंबाच्या बराच वर आला होता, शिट्टी कुणीच वाजवली नव्हती, आणि आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

टिकली काढून पंचवीसेक मिनिटं झाली असतील. नानांच्या हातातली कपबशी वाजली. नाना दचकले. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग हाताकडे. मग खांदे उडाले, मग हनुवटी. आणि बघता बघता गोधडी, ताडपत्री, गोणपाट यांच्यासकट कोठावदे सर गदागदा कुडकुडायला लागले.

"नाना!" प्रमिला घाबरून पुढे झाली.

"वा... वाजतेय!" नाना ओरडले. डोळे चमकत होते. "प-प्रमिले, अगं, वाजतेय! च-चार वर्षांनी! क-काय झकास वाजतेय गं!"

तिकडे अध्यक्षांना पहिली कळ आली. "आईशप्पथ!" ते म्हणाले आणि जाळाकडे पळाले. त्यांच्या मागून दुसरा, मग तिसरा. पाच मिनिटांत पंधराही जण जाळाभोवती खांद्याला खांदा लावून, दात वाजवत, हात पुढे करून उकिडवे बसले होते. कुणी म्हणालं, मागच्या लाटेपेक्षा ही भारी. कुणी म्हणालं, छे, तिच्या निम्मीही नाही. कुणीतरी सरपंचांचा विषय काढला. कुणीतरी माझ्याकडे मान वळवून विचारलं, "काय भो नेरकर, किती आहे आज?"

"दोन पूर्णांक आठ होतं सकाळी," मी म्हणालो.

"बघा! मला वाटलंच होतं!"

अख्खी रांग हसली. आत्याने उखळ मध्ये आणून ठेवलं आणि भाकऱ्या थेट हातांवर पडू लागल्या. मी मात्र मागेच उभा होतो, ओल्या बनियनवर. माझे स्वेटर नानांच्या अंगात होते, आणि जाळाभोवती बोट शिरायलाही फट नव्हती. आणि मी नापास होतो. घरी जा, असं सरांनी सांगितलं होतं. ते त्यांनी मागे घेतलेलं नव्हतं. मी सायकलकडे बघायला लागलो.

"अ-अध्यक्ष!" नानांचा आवाज आला. कानटोपीतून त्यांचं फक्त नाक दिसत होतं. "झोपलात का? स-सरका की जरा तिकडे."

"का हो, सर?"

"क-का काय? जावयाला जागा द्या."

रांग सरकली. प्रमिलाने खाली मान घालून भाकरीवर गरजेपेक्षा बरंच जास्त भरीत वाढलं आणि ती भाकरी हातात घेऊन थांबली. जागा झाली ती जेमतेम वीतभर. मी तिच्यात अंग चोरून बसलो, हात पुढे केले, आणि दोन्हीकडून दोन खांदे माझ्या खांद्यांवर आपटत राहिले.